राज्याची चाल आणि उंबराचं पाणी

नाव: बॅप्टिस्ट पास्कू मच्याडो. वय: चौऱ्याहत्तर. राहणार: वटार, मोठ्या क्रुसामागची आळी. धंदा: केळी, सोनचाफा व बँड. बांधा: सडपातळ. वर्ण: सावळा. ओळखीची खूण: वरच्या ओठाच्या मध्यभागी वाद्याच्या सततच्या वापरामुळे पडलेला गोल वळ. सदर इसम हा पारंपरिक वाद्यपथकाचा प्रमुख असून तो स्वतः कॉर्नेट नावाचे पितळी वाद्य वाजवतो. मतमोजणीच्या दिवशी विजयी उमेदवाराच्या मिरवणुकीत सदर इसम वाद्यवादन करणार असल्याचे खात्रीलायकरीत्या समजते. तरी त्याच्याकडून सार्वजनिक शांततेचा भंग होणार नाही, याबाबत त्यास समज देण्यात येत आहे.

ही समज जानेवारीच्या सुरुवातीला एक हवालदार घेऊन आला, तेव्हा सदर इसम केळीच्या घडाभोवती गोणपाट बांधत होता. बॅप्टिस्टनी कागद दोनदा वाचला आणि हे खात्रीलायकरीत्या कोणाकडून समजलं, असं विचारलं. हवालदार म्हणाला, सगळ्यांकडून. तुम्ही दर वेळी वाजवताच ना? बॅप्टिस्टनी ते मान्य केलं. जाताना त्यांनी हवालदाराला केळ्यांची एक फणी दिली. तिची नोंद कुठे नाही.

हवालदाराचं काही चुकलं नव्हतं. जो कोणी खुर्चीवर येईल त्याच्यापुढे गावच्या नाक्यावर मच्याडोंचा बँड वाजतो, ही रीत चार पिढ्यांची आहे. घरातली माणसं ती आणखी मागे नेतात. त्यांच्या सांगण्याप्रमाणे मूळ पुरुष पोर्तुगीज पाद्र्यांपुढे वाजवत होता, आणि वसईचा किल्ला पडल्यावर त्याच आठवड्यात पेशव्यांच्या सरदारापुढे. याला पुरावा नाही. पण खोडून काढण्याइतका पुरावाही कोणाकडे नाही, आणि वसईच्या इतिहासात एवढ्यावर बरंच काही उभं आहे. निर्विवाद आहे ते एवढंच, की पोर्तुगीजांनी या घराला आडनाव दिलं, पेशव्यांनी ते राहू दिलं, इंग्रजांनी ते लिहून घेतलं आणि स्वतंत्र भारत दर मतदार यादीत ते निराळं छापतो.

राज्यकर्त्यासाठी बँडकडे एक ठरलेली चाल आहे. तिला 'राज्याची चाल' म्हणतात. ऐकायला झकास आहे. ढोलाचा ठेका चढता, मध्ये दोन ठिकाणी पितळ असं उसळतं की हार घातलेला माणूस आपोआप हात जोडून गर्दीकडे वळतो. बँडमधल्या नऊ जणांखेरीज आणि त्यांच्या घरच्यांखेरीज तिच्याबद्दल कोणाला फारसं माहीत नाही. नव्या माणसाला बँडात घेतात तेव्हा ती शिकवण्याआधी त्याला हसू दाबायला शिकवतात, कारण फुंकता फुंकता हसू आलं की सूर फाटतो.

हसण्यासारखं काय, ते सांगायला बॅप्टिस्टच्या पणजोबांपर्यंत जावं लागतं.

पणजोबा दुमिंग मच्याडो. इंग्रजांच्या एका पलटणीच्या गोवेकर बँडमास्तराच्या हाताखाली कॉर्नेट शिकून आलेला हा माणूस. एका थंडीत कलेक्टर साहेबाचा दौरा निघाला, तंबू शेजारच्या वाडीत पडले, आणि मामलेदाराचा शिपाई दुमिंगच्या दारात आला: साहेबापुढे वाजवायला चला. नेमकी त्याच संध्याकाळी दुमिंगच्या बहिणीच्या लग्नाचं उंबराचं पाणी आणायची वेळ होती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घरातल्या बायका बँडमागून विहिरीवर जातात, विहिरीला आधी घोटभर दारू पाजतात, मग घागरी भरतात. त्या पाण्याने नवरीची आंघोळ होते. बँड नसेल तर पाणी येतं, पण ते नुसतंच पाणी असतं. दुमिंगने निरोप धाडला की उद्या सकाळी येतो.

साहेबाच्या हे लक्षातही आलं नसावं. मामलेदाराच्या आलं. पुढच्या थंडीत वेठीसाठी पहिलं नाव दुमिंगचं लागलं. साहेबाच्या पेट्या डोक्यावर घेऊन तो कामण, चिंचोटी आणि त्याच्याही पलीकडे फिरला. इकडे वाडीतला रहाट बंद, कारण तो चालवणारा पेट्या वाहत होता. तो परत आला तेव्हा सगळी केळी जळून गेली होती. दौरा उलटताना साहेब पुन्हा वटारला थांबला आणि पुन्हा बँड मागवला. या वेळी दुमिंग वेळेआधी हजर होता. गावात मयत निघतं तेव्हा घरापासून चर्चपर्यंत जी संथ चाल वाजते, ती त्याने घेतली, दुप्पट वेगाने उचलली, खाली ढोल घातला आणि साहेबापुढे वाजवली. साहेबाने टाळ्या वाजवल्या. नाव काय या चालीचं, असं विचारलं.

"राज्याची चाल, साहेब," दुमिंग म्हणाला.

तेव्हापासून या गावाने प्रत्येक सरकारचं स्वागत मयताच्या चालीने केलं आहे. सत्तेचाळीस साली नाक्यावर झेंडा चढला तेव्हा ती वाजली. साठ साली मुंबई राज्याचं महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा वाजली. कूळकायद्याने जमीन नावावर झाली तेव्हा बॅप्टिस्टचे वडील पास्कू पेचात पडले होते. आयुष्यात पहिल्यांदाच एका सरकारने त्यांच्याकडून काही घेण्याऐवजी त्यांना काही दिलं होतं. बराच विचार करून, कृतज्ञता म्हणून, त्यांनी एक कडवं कमी वाजवलं. आणीबाणीत नसबंदीच्या शिबिराचं उद्घाटन झालं, तेव्हा तेविशीचा बॅप्टिस्ट पहिल्यांदा पुढे उभा राहून वाजवत होता. त्या दिवशी हसू दाबणं कोणालाच जड गेलं नाही, असं ते सांगतात.

पुढे काम वाढलं. सरपंच बदलले, तालुक्याचे नेते बदलले, एके दिवशी जिल्हाच बदलला आणि ठाण्याचे आम्ही पालघरचे झालो. गाव महापालिकेत घेतलं तेव्हा चाल वाजली. महापालिका नको म्हणून मोर्चा निघाला तेव्हाही बँड होता, पण तेव्हा चर्चमधलं गाणं वाजवलं, कारण मोर्चा आपल्याच माणसांचा होता. गाव वगळल्याचं जाहीर झालं तेव्हा चाल वाजली. त्याला स्थगिती आली तेव्हा कोणी बोलावलंच नाही. मग बरीच वर्षं प्रशासक आले. प्रशासकापुढे वाजवायचं की नाही, हा घराण्यापुढे नवाच प्रश्न होता, पण ते मिरवणुकीने आले नाहीत, त्यामुळे तो सुटला.

या सगळ्या काळात गावात एक समजूत तयार झाली, की ज्याच्यापुढे राज्याची चाल वाजते तो टिकत नाही. शास्त्रीयदृष्ट्या याला काही अर्थ नाही. राज्यकर्ते एरवीही टिकत नाहीत.

तर या जानेवारीत, एवढ्या वर्षांनी, महापालिकेची निवडणूक लागली. आमच्या प्रभागातल्या 'क' जागेसाठी खरी लढत दोघांत होती. एक हिलरी, वटारचाच, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला आणि बॅप्टिस्टच्या चुलतभावाचा मुलगा. दुसरा जितेंद्र, नाक्यापलीकडच्या नव्या इमारतींतला. त्याचे वडील शांताराम चिपळूणहून येऊन इथे फ्लॅट घेऊन राहिलेले, मंत्रालयात नोकरी करून आता थकलेले. जितेंद्र स्वतः लिफ्टच्या दुरुस्तीची कंत्राटं घेतो, आणि इमारतींत मतं मिळवायला याहून चांगला धंदा नाही.

दोघेही एकाच आठवड्यात बॅप्टिस्टच्या ओट्यावर येऊन गेले. बॅप्टिस्टनी दोघांना एकच शब्द दिला: जो निवडून येईल त्याच्यापुढे वाजवू. हा शब्द ते पन्नास वर्षं देत आले होते आणि तो कधीच अडचणीत आणत नाही, कारण निवडून एकच येतो. त्यामुळे असा शब्द देताना तारीख बघायची त्यांना सवयच नव्हती.

तारीख इनेझनी बघितली. इनेझ म्हणजे त्यांची बायको. रात्री जेवताना बॅप्टिस्ट भाकरी कालवणात भिजवून खात होते, तेव्हा तिने विचारलं, शुक्रवारी पाण्याला कोण वाजवणार?

आपणच, ते म्हणाले. नातीच्या पाण्याला दुसरं कोण वाजवेल?

"आणि निकालाला?"

बॅप्टिस्टनी घास परत ताटात ठेवला.

त्यांचा मुलगा केनी, सून रिटा आणि या दोघांची थोरली सँड्रा. सँड्राचं लग्न शनिवारी सकाळी, हे गेल्या मे महिन्यात फादरांशी बोलून ठरलेलं. म्हणजे उंबराचं पाणी शुक्रवारी संध्याकाळी. मतमोजणी शुक्रवारीच, हे निवडणूक आयोगाने फादरांशी न बोलता ठरवलेलं.

बाहेरच्या कोणालाही वाटेल की यात काय एवढं? मिरवणूक चारला, पाणी सहाला. पण मयताला वाजलेली वाद्यं त्याच दिवशी लग्नाच्या दारात नेत नाहीत. ती विहिरीच्या पाण्याने पुसतात, रात्रभर क्रुसाखाली ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी शुभकार्याला काढतात. हा नियम गावात सगळ्यांना ठाऊक आहे. राज्याची चाल म्हणजे मयताची चाल, हे फक्त बँडला आणि त्यांच्या घरच्यांना ठाऊक आहे. म्हणजे अडचण खरी होती आणि ती कोणाला सांगता येत नव्हती. मुत्सद्द्यांना ही परिस्थिती नेहमीची असते. केळीवाल्यांना नसते.

बँडची बैठक भरली. मोठा ढोल वाजवणारा ऑस्टिन, बँकेतून निवृत्त, म्हणाला की बँड दोन भागांत वाटू. पण कॉर्नेट एकच होता. दुसरा बँड आणावा, तर विरारपासून किल्ल्यापर्यंत जेवढे बँड होते तेवढे सगळे कुठल्या ना कुठल्या उमेदवाराने आधीच धरून ठेवले होते, त्यात निवडून येण्याची शक्यता नसलेलेही होते. कोणीतरी म्हणालं, विजेत्यापुढे सिनेमातलं गाणं वाजवा, आजकाल तेच आवडतं. बॅप्टिस्ट म्हणाले की लोक विचारतील, सगळ्यांना राज्याची चाल आणि यालाच गाणं का? मग काय उत्तर देणार?

हे बोलण्यातलं कारण. खरं कारण निराळं होतं. एका मच्याडोने एकदाच राज्याला 'उद्या येतो' म्हटलं होतं, तेही उंबराच्या पाण्यासाठीच, आणि त्याची वाडी जळाली होती. ती गोष्ट बॅप्टिस्टनी लहानपणी इतक्या वेळा ऐकली होती की त्या पेट्या आपणच वाहिल्या आहेत असं त्यांना वाटे. वेठ जाऊन आता किती काळ लोटला, हे त्यांना कळत होतं. पण घरपट्टी, नळ, वाडीकडे जाणारा रस्ता, हे सगळं कोणाच्या तरी सहीवर आहे, हेही कळत होतं. शिवाय गावच्या वाड्यांवर नजर असलेले लोक आता इमारतींतून निवडून येऊ लागले होते. कलेक्टर तरी तंबू काढून जायचा.

सँड्राने हे सगळं शांतपणे ऐकलं. ती अंधेरीला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि लोकांच्या दुखऱ्या जागी हात ठेवायची तिला सवय आहे.

"आजोबा, तुम्ही तिकडे जा," ती म्हणाली. "पाण्याची चाल माझ्या फोनवर आहे. विहिरीवर स्पीकर लावू."

तिने हे मनापासून म्हटलं होतं, हीच पंचाईत झाली. रुसली असती तर बॅप्टिस्टना समजूत काढता आली असती. विहिरीपुढे स्पीकरवर पाण्याची चाल वाजतेय आणि आपण नाक्यावर उभं राहून कोणाचं तरी मयत दुप्पट वेगाने वाजवतोय, हे चित्र त्यांना दोन दिवस सुटेना. इनेझनी वाद घातला नाही. तिने कॉर्नेट त्याच्या पेटीतून काढला, चिंचेने लख्ख घासला आणि सँड्राच्या लाल साडीशेजारी नेऊन ठेवला. एवढं पुरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बॅप्टिस्ट कॉर्नेट काखेत मारून निघाले. कुठे गंभीर बोलायला जायचं असलं की ते तो बरोबर नेतात, जसे काही लोक वकील नेतात.

आधी हिलरीकडे गेले. शुक्रवारी यायला जमणार नाही, घरचं पाणी आहे, एवढंच म्हणाले. हिलरीने डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाला की काका, लग्नाचं आधी, राजकारण काय होतच राहतं. त्याच्या चेहऱ्यावर एखाद्या रुग्णाला ऑपरेशन रद्द झाल्याचं कळावं तसा भाव होता.

"मी मानत नाही असल्या गोष्टी," निरोप देताना तो हळूच म्हणाला. "पण आमच्या आजोबांपुढे वाजवली होती ना तुमच्या वडिलांनी? महिन्यात सरपंचपद गेलं."

एक नकार पचला. दुसरा जड होता. जितेंद्रच्या कार्यालयात लिफ्टच्या एका मोठ्या चाकावर हार वाळत घातले होते. त्याने बॅप्टिस्टना खुर्ची दिली, चहा मागवला, अंकल म्हणाला. मग ऐकून घेऊन म्हणाला, नो प्रॉब्लेम, आपण अॅडजस्ट करू. चारला मिरवणूक, सहाला तुमचं फंक्शन, मध्ये माझी गाडी सगळ्यांना सोडेल. बॅप्टिस्ट म्हणाले, तसं चालत नाही. जितेंद्रने का, असं विचारलं. बॅप्टिस्टनी चहा प्यायला. उत्तर त्यांच्याकडे होतं, पण ते दिलं असतं तर शंभर वर्षांतल्या सगळ्या सत्कारमूर्तींच्या वतीने गावाला खुलासा करावा लागला असता. ते म्हणाले, रीत आहे.

"हिलरी सर जिंकले तरी हेच?"

"हेच."

जितेंद्र हसला, पण त्याचा विश्वास बसला नव्हता. गावाचा बँड गावच्या माणसासाठी राखून ठेवलाय, हे त्याच्या चेहऱ्यावर अंकलांना वाचता आलं. परत येताना बॅप्टिस्टना दुमिंगच्या पेट्या मानेवर जाणवत होत्या.

शुक्रवारी सकाळपासून मतमोजणी सुरू झाली. मांडवात बायका लग्नाच्या गोड रोठासाठी केळी सोलत होत्या आणि बॅप्टिस्ट केनीच्या मोबाइलवर फेऱ्यांचे आकडे बघत होते. हिलरी पुढे होता. बॅप्टिस्टचं या निवडणुकीबद्दल स्वतःचं मत काय होतं ते त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही, पण त्या सकाळी हिलरीच्या प्रत्येक वाढत्या मताबरोबर त्यांचा श्वास मोकळा होत गेला. तो निवडून आला तर कोणी चाल मागणार नव्हतं. दुपारी इमारतींच्या बूथांची मतं उघडली. चहाच्या वेळेपर्यंत हिलरीची आघाडी संपली होती आणि जितेंद्र थोडक्या मतांनी विजयी झाला होता. केनीने मोबाइल खिशात टाकला. बॅप्टिस्टनी विचारलं, पुन्हा मोजणार आहेत का? नाही म्हणे, केनी म्हणाला. हिलरी सरांनी स्वतः तपासून बघितलं. गणित बरोबर आहे.

उन्हं उतरल्यावर पाण्याला निघाले. पुढे बँड, त्याच्या पुढे बॅप्टिस्ट, मागे इनेझ, रिटा आणि आळीतल्या बायका, डोक्यावर रिकाम्या घागरी. विहीर गावातून नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आहे. तिच्यावरचं उंबराचं झाड रस्ता रुंद करताना गेलं, नाव तेवढं राहिलं. बायका गाणी म्हणत होत्या. व्याह्यांची नावं गुंफून म्हणायची ती गाणी, ज्यांत दोन्ही घरच्या माणसांची अब्रू सुरात काढतात. पण बॅप्टिस्टचं लक्ष गाण्यात नव्हतं. नाक्याकडून ढुम ढुम ऐकू येत होतं.

विहिरीला दारू पाजून झाली. घागरी भरल्या. बायका वळल्या, बँड पुढे झाला आणि पाण्याची चाल सुरू झाली. त्याच वेळी वळणावरून मिरवणूक आली. पुढे टेम्पोवर डीजे, मागे उघडी जीप, जीपमध्ये गुलालाने माखलेला जितेंद्र आणि शेजारी त्याची आई जयवंती. वडील शांताराम पुढच्या सीटवर कानांवर हात ठेवून बसले होते. मागे इमारतींतली पोरं, आणि त्यांच्या मागे गावातलीही बरीच, कारण निकाल लागल्यावर गाव फार काळ बाजूला उभं राहत नाही.

रस्ता तिथे एवढा अरुंद आहे की दोन मिरवणुकी मावत नाहीत. डीजेच्या आवाजात पाण्याची चाल बुडून गेली. बायका थांबल्या. थांबायचं नसतं. भरलेल्या घागरी अडवू नयेत, आणि त्यांच्या आडवं जाऊ नये. बॅप्टिस्ट रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. ते सांगतात की धैर्य वगैरे काही नव्हतं, कडेला विहिरीच्या सांडलेल्या पाण्याचा चिखल होता.

तेवढ्यात जीपमध्ये हालचाल झाली. जयवंतींनी वाकून टेम्पोवाल्याच्या दिशेने हात हलवला, त्याला कळेना म्हणून मुलाच्या पाठीत धपाटा घातला.

"बंद कर आधी ते. नवरीचं पाणी चाललंय, दिसत नाही? आणि तू उतर खाली."

आवाज थांबला. नवा नगरसेवक खाली उतरला. कोकणातून आलेल्या या बाईला वसईतली ही रीत माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण भरल्या घागरींपुढे गाडीत बसून राहू नये, एवढं तिला कोणी सांगावं लागत नव्हतं.

इथे प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण गुलाल लावलेल्या माणसाला काही ना काही बोलावंच लागतं. जितेंद्र बॅप्टिस्टपाशी आला. अंकल म्हणाला नाही.

"काका, आता समोरच आलोय. तुमची ती चाल दोन मिनिटं वाजवा. सगळ्यांपुढे वाजवली म्हणतात. आमच्यापुढेच नको? बिल्डिंगवाले म्हणून?"

बायकांच्या डोक्यांवर घागरी तशाच होत्या. ऑस्टिनने ढोलावरचा हात उचलला नव्हता. बॅप्टिस्टनी हात मागे करून बँडला थोपवून धरलं. दुमिंगपासून आतापर्यंत या घराने एवढा विचार एका ठिकाणी उभं राहून केला नसेल. मग ते बोलले, आणि खोटं एक अक्षर बोलले नाहीत.

"ज्यांच्या ज्यांच्यापुढे ती वाजवली ना बाबा, त्यातला एक पण आज खुर्चीवर नाही. निम्मे तर मातीत आहेत. तुला पाहिजेच असेल तर वाजवतो."

जितेंद्र काही बोलायच्या आत जयवंती बोलल्या.

"नको. जे चाललंय तेच वाजू दे."

"पण मग आम्ही काय करायचं?" जितेंद्रने विचारलं. प्रश्न प्रामाणिक होता. एवढी माणसं, एवढा गुलाल, आणि पुढे रस्ता बंद.

"या मागून," बॅप्टिस्ट म्हणाले. "नातीचं लग्न आहे. घरचेच समजा."

त्यांनी हात वर केला आणि पाण्याची चाल पुन्हा सुरू झाली. पुढे बँड, मागे घागरी, त्यांच्या मागे पायी चालणारा नगरसेवक, जीप, टेम्पो, आणि मुका डीजे. पाण्याची चाल संथ आहे, त्यामुळे विजयी मिरवणुकीला मयताच्या वेगाने चालावं लागलं. पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. जयवंती रिटाच्या बरोबरीने चालत होत्या आणि एका गाण्याचं दुसरं कडवं येईपर्यंत त्यांना धृपद म्हणता येऊ लागलं होतं. क्रुसापाशी हिलरीही येऊन मिळाला. तो हरला होता, पण भाऊबंद होता, आणि पाण्याला आला नसता तर इनेझनी त्याला पुढच्या निवडणुकीपर्यंत ऐकवलं असतं.

सँड्राला त्या पाण्याने आंघोळ घातली. मांडवाबाहेर नगरसेवकाला केळी आणि चहा मिळाला. जितेंद्रने विचारलं की काका, मघाची चाल छान होती, तिचं नाव काय? बॅप्टिस्ट म्हणाले, पाण्याची. मग नळाचं काम करायला पाहिजे, असं तो म्हणाला. सगळे हसले, तोही हसला. राज्यकर्ता आणि रयत एकाच गोष्टीला एकाच वेळी हसल्याचं वटारच्या इतिहासात दुसरं उदाहरण सापडत नाही, निदान बॅप्टिस्टना आठवत नाही.

त्यानंतर बॅप्टिस्ट काही दिवस वाट बघत होते. काही झालं नाही. नळाला पूर्वीइतकंच पाणी आलं, म्हणजे एक दिवसाआड. वाडीकडचा रस्ता पूर्वीइतकाच खराब राहिला. घरपट्टी आली, तीत आडनाव निराळं होतं. सामान वाहायला कोणी बोलावलं नाही. मग एका सकाळी इनेझला ते केळीच्या बागेत शीळ घालताना सापडले. तिने विचारलं तेव्हा म्हणाले, एवढंच होतं तर दुमिंगच्या वेळेला का नाही झालं? त्यांना उत्तर नको होतं, सुटल्याचा आनंद तेवढा कुठेतरी बोलून दाखवायचा होता. राज्याची चाल बँडात अजून शिकवतात. हसू दाबायलाही शिकवतात. पण तिची पुढची तारीख ठरलेली नाही, आणि पहिल्यांदाच कोणाला घाई नाही.

पोलिसांच्या बाजूने प्रकरण त्याच आठवड्यात निकाली निघालं. शेरा असा आहे: समज दिल्याप्रमाणे सदर इसमाने विजयी उमेदवाराच्या मिरवणुकीच्या अग्रभागी राहून स्वतः कॉर्नेट हे वाद्य वाजवले, मिरवणूक शिस्तीत व संथ गतीने पार पडली, अनुचित प्रकार घडला नाही.

बॅप्टिस्ट मच्याडोंचे पुढचे सगळे दात तीन वर्षांपूर्वीच पडले, आणि त्यांच्याशिवाय कॉर्नेट फुंकता येत नाही. तेव्हापासून तो केनी वाजवतो.